खाद्यकीटकांचे घरगुती संगोपन : मालकी कोणाची?

गेल्या दहा-बारा वर्षांत अन्नविषयक आंतरराष्ट्रीय चर्चेत एका नव्या विषयाला मानाचे स्थान मिळाले आहे. तो विषय म्हणजे मानवी आहारात कीटकांचा उपयोग. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ साली या विषयावर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. जगभर १,९०० हून अधिक जातींचे कीटक माणसे खातात आणि सुमारे दोनशे कोटी लोकांच्या पारंपरिक आहारात त्यांना स्थान आहे, असे त्या अहवालाने सांगितले. यांतील दुसरा आकडा फार ढोबळ असल्याचा आक्षेप पुढे अभ्यासकांनीच घेतला. परंतु अहवालाने एक लाट निर्माण केली, हे खरे. कमी जागेत, कमी पाण्यात आणि अल्प भांडवलात घरच्या घरी प्रथिने निर्माण करण्याचा हा मार्ग आहे, असे तेव्हापासून उत्साहाने सांगितले जाऊ लागले.

आपल्याकडे या विषयाचा उल्लेख होताच दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. पहिली किळसेची आणि थट्टेची. सुशिक्षित मध्यमवर्गाची ही स्वाभाविक प्रतिक्रिया आहे आणि आपले कार्यकर्तेही तिला अपवाद नाहीत. दुसरी प्रतिक्रिया भाबड्या उत्साहाची. गरिबांच्या कुपोषणावर एक स्वस्त तोडगा सापडला, अशा समजुतीने ही मंडळी भारावून जातात. या दोन्ही प्रतिक्रियांत एक गोष्ट समान आहे. जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या घरात कीटक पाळून खात आली आहेत, त्यांचा विचार दोघांच्याही मनाला शिवत नाही. पहिल्यांच्या दृष्टीने ती माणसे मागासलेली. दुसऱ्यांच्या दृष्टीने ती अस्तित्वातच नाहीत.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : घरगुती कीटकसंगोपन गरीब कुटुंबाला जे देते, ते त्या कीटकाच्या जीवशास्त्रातून जितके येते तितकेच त्या उद्योगाच्या मालकीरचनेतून येते. बीज घरचे, चारा घरचा आणि उपभोगाचा पहिला हक्क घरचा, या तीन गोष्टी टिकतात तोवर हा उद्योग कुटुंबाला बळ देतो. त्या एकेक करून हातच्या गेल्या, म्हणजे तोच कीटक त्याच कुटुंबाला परावलंबी करतो. याचे दाखले दूर शोधण्याची गरज नाही. आपल्याच देशात आसामपासून आरंभ करता येईल.

एरीचे घर

आसामात आणि लगतच्या डोंगराळ प्रदेशांत एरी नावाच्या रेशीमकिड्याचे संगोपन घरोघरी होते. एरंडाला असमियात ‘एरा’ म्हणतात. त्याच्या पानावर जगणारा म्हणून किड्याचे नाव ‘एरी’. बोडो, राभा, कार्बी, मिशिंग अशा अनेक समाजांत हे काम प्रामुख्याने स्त्रिया करतात. अंड्यांतून साधारण दहा दिवसांत अळ्या बाहेर पडतात. पुढे तीन-साडेतीन आठवडे त्या पाने खात राहतात, चार वेळा कात टाकतात आणि मग कोष विणतात. वर्षाला पाच-सहा पिके निघू शकतात. साधनसामग्री म्हणाल तर बांबूची सुपे आणि डाली, आढ्याला टांगलेले पानांचे जुडगे आणि पिकलेल्या अळ्या विणायला बसण्यासाठी वाळक्या पानांचा भारा. संगोपनगृह म्हणून वेगळी इमारत बहुतेक घरांत नसते. स्वयंपाकघराचा कोपरा किंवा पडवी पुरते. परसातला एरंड आणि आसपासच्या केसेरू वृक्षाची पाने हा चारा.

या किड्याचे एक वैशिष्ट्य त्याच्या अर्थकारणाच्या मुळाशी आहे. तुतीच्या रेशीमकिड्याचा कोष सर्व बाजूंनी बंद असतो, आणि त्यातून एकसंध धागा उलगडण्यासाठी आतल्या अळीला उष्णतेने मारावे लागते. एरीचा कोष एका टोकाला उघडा असतो. त्यातून एकसंध धागा निघत नाही; कापसासारखा तो टकळीवर कातावा लागतो. त्यामुळे आतली अळी कोषातून अलगद बाहेर काढून घेता येते. असमियात तिला ‘लेटा’ म्हणतात. रेशीम कातण्यासाठी बाजूला पडते आणि लेटा स्वयंपाकात जाते. पिकलेली अळीही खाल्ली जाते. तळून, भाजून, कोवळ्या बांबूच्या आंबवलेल्या कोंबाबरोबर शिजवून असे तिचे अनेक प्रकार होतात. पाहुण्याला आवर्जून वाढावा असा हा पदार्थ आहे. नाइलाजाने खाण्याचे ते अन्न नव्हे. अनेक कुटुंबे एरी पाळतात ती मुख्यतः खाण्यासाठी. रेशीम त्यांच्या लेखी जोड उत्पादन असते.

तिच्या पोषणमूल्याचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने केला आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ताज्या एरी अळीत शंभर ग्रॅममागे सुमारे १६ ग्रॅम प्रथिने आणि ८ ग्रॅम स्निग्धांश असतो. कोंबडीच्या अंड्यात हेच प्रथिनांचे प्रमाण शंभर ग्रॅमला सुमारे १३ ग्रॅम भरते. शरीराला प्रत्यक्ष उपयोगी पडण्याच्या कसोटीवर मात्र एरीची प्रथिने दुधातील केसीनपेक्षा कमी उतरली, हेही त्याच अभ्यासाने नोंदवले आहे. तेव्हा अळीला अमृत ठरवण्याचे कारण नाही. परंतु ज्या घरात दूध नाही आणि डाळ मोजून शिजते, त्या घरातल्या बाळंतिणीच्या आणि मुलांच्या ताटातले ते एक भक्कम अन्न आहे, एवढे निःशंकपणे म्हणता येते.

लोकर, मांस आणि हिशेब

अर्थशास्त्राच्या वर्गात संयुक्त उत्पादनाचा सिद्धान्त शिकवताना मार्शलच्या काळापासून मेंढीचे उदाहरण दिले जाते. एकाच मेंढीपासून लोकर आणि मांस दोन्ही मिळतात. तेव्हा केवळ लोकरीच्या किमतीवरून मेंढपाळाचा धंदा तोट्याचा की फायद्याचा हे ठरवता येत नाही. एरीच्या बाबतीत नेमकी हीच चूक सातत्याने होत आली आहे. रेशमाचे उत्पादन टनांत मोजले जाते, प्रसिद्ध केले जाते, त्याची निर्यात नोंदवली जाते. लेटा त्या ठळक आकड्यांत येत नाही.

ती किती असावी? एक ढोबळ हिशेब करून पाहू. देशात एरी रेशमाचे वार्षिक उत्पादन अलीकडच्या वर्षांत सात हजार टनांच्या घरात आहे, आणि त्यातला मोठा भाग एकट्या आसामचा आहे. ताज्या कोषाच्या वजनात रेशमी कवचाचा वाटा साधारण सातवा असतो. उरलेले सर्व वजन अळीचे. म्हणजे एक किलो कवचामागे सहा किलो अळी. या प्रमाणाने वर्षाला चाळीस हजार टनांच्या आसपास अन्न या उद्योगातून निर्माण होत असले पाहिजे. बीजासाठी राखलेले आणि वाया जाणारे कोष वजा केले तरी ही राशी लहान नाही. घरी उत्पादन करून घरीच उपभोगलेल्या वस्तूही राष्ट्रीय उत्पन्नात धराव्यात, असे हिशेबाचे तत्त्व सांगते. परंतु जिचे वजन कोणी करत नाही आणि जिची पावती कोणी फाडत नाही, ती वस्तू व्यवहारात हिशेबाच्या बाहेरच राहते. ती निर्माण करणारे हात बायकांचे असले, तर ती बाहेर राहण्याची शक्यता आणखी वाढते.

हा केवळ आकडेमोडीचा प्रश्न असता तर प्राध्यापकांवर सोडून देता आला असता. पण हिशेबातली ही उणीव धोरणात उतरते. फक्त रेशमाची किंमत धरली की एरी पाळणाऱ्या बाईची रोजची मिळकत मजुरीपेक्षाही तुटपुंजी दिसते. मग उद्योग ‘अनार्थिक’ ठरतो आणि त्याला ‘व्यापारी’ करण्याच्या योजना आखल्या जातात. त्या योजनांत घरच्या जेवणाचा विचार नसतो, कारण मुळात तो हिशेबातच नसतो.

याचे एक बोलके उदाहरण शहरी बाजारपेठेने अलीकडे पुरवले आहे. एरीचा पतंग कोषाचे उघडे टोक ढकलून जिवंत बाहेर पडू शकतो. या गुणामुळे महानगरांत आणि परदेशांत हे कापड ‘अहिंसक रेशीम’ म्हणून विकले जाते, आणि त्या नावाला चढा भाव मिळतो. ग्राहकाचा हेतू चांगला आहे, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्या घरात ते रेशीम तयार होते, तिथे आतली अळी हे अन्न आहे. ग्राहकाच्या अटीप्रमाणे पतंग उडू द्यायचा, तर ते अन्न सोडावे लागते. दूरवरच्या खरेदीदाराच्या नैतिक समाधानाची किंमत अशा रीतीने कार्बी किंवा बोडो मुलाच्या ताटातून वसूल होऊ शकते, आणि ती देताना त्याच्या आईला कोणी विचारलेले नसते.

उलट दिशेनेही हेच घडू शकते. लेटेला शहरात मागणी वाढली आणि भाव चढला, की कुटुंब ती खाण्याऐवजी विकू लागते. रोख पैसा हवा असतो, त्यामुळे हा निर्णय अडाणीपणाचा म्हणता येत नाही. महाराष्ट्रात आपण दुधाच्या बाबतीत हे पाहिलेले आहे. संकलन केंद्र गावात आले, पैसा आला, घराला पत आली. आणि अनेक घरांत पोरांच्या वाट्याला कोरा चहा आला. दूध संघांची कामगिरी नाकारण्याचा प्रश्न नाही. परंतु उत्पन्न वाढणे आणि पोषण वाढणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्या अनुभवातून आपण घेतला पाहिजे.

थायलंडचा धडा

एरीच्या संगोपनामागे शतकांची परंपरा आहे. ठरवून, नव्याने उभा केलेला कीटकसंगोपनाचा उद्योग पाहायचा तर थायलंडकडे वळले पाहिजे. तिथल्या ईशान्य भागात, इसान प्रदेशात, रातकिडे खाण्याची पद्धत जुनीच होती. मात्र ते रानातून पकडून आणले जात. खोन केन विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी ते पाळण्याचे तंत्र विकसित केले आणि १९९८ च्या सुमारास शेतकऱ्यांना त्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. सिमेंटच्या ठोकळ्यांची हौद्यासारखी चौकट, आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, वर जाळी आणि अंडी घालण्यासाठी भाताचे तूस भरलेली भांडी, एवढीच मांडणी. सुमारे दीड महिन्यात एक पीक. पंधराच वर्षांत रातकिडे पाळणाऱ्यांची संख्या वीस हजारांवर आणि वार्षिक उत्पादन साडेसात हजार टनांवर गेले, अशी नोंद अन्न व शेती संघटनेच्या २०१३ च्या पाहणीत आहे.

ही कामगिरी सार्वजनिक विद्यापीठाने केली, ज्ञान मुक्तपणे वाटले गेले आणि हजारो लहान कुटुंबांना उत्पन्न मिळाले. समाजवाद्याने याचे मोकळ्या मनाने स्वागत केले पाहिजे. परंतु त्याच पाहणीत उद्योगाचे दुखणेही नोंदले आहे. एरीची अळी पाल्यावर जगते. थायलंडमधला रातकिडा मुख्यतः कोंबडीच्या तयार खाद्यावर पोसला जातो, आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटा त्या खाद्याचा असतो. ते खाद्य कारखान्यातून विकत येते. त्याचे भाव मक्याच्या आणि सोयाबीनच्या जागतिक बाजारात ठरतात. काढणीच्या आधीच्या दिवसांत शेतकरी भोपळा आणि टॅपिओकाचा पाला घालून हा खर्च आवरण्याचा प्रयत्न करतात. म्हणजे घर आपले, श्रम आपले, जोखीम आपली आणि चारा मात्र दुसऱ्याचा. कंत्राटी कुक्कुटपालन करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना ही रचना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

टाकाऊ पदार्थांवर कीटक वाढवून हे परावलंबन टाळता येईल, असे सांगितले जाते. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २०१५ साली हे प्रत्यक्ष करून पाहिले. कोंबडीच्या दर्जेदार खाद्यावर वाढवलेल्या रातकिड्यांची प्रथिने साठवण्याची क्षमता कोंबडीपेक्षा फारशी सरस आढळली नाही. पेंढा आणि फारशी प्रक्रिया न केलेला अन्नकचरा यांवर ठेवलेले जवळजवळ सर्व रातकिडे काढणीपर्यंत जगलेच नाहीत. निसर्गात काही फुकट मिळत नाही, हा अर्थशास्त्राचा आद्य नियम कीटकांनाही लागू आहे. त्यात रोगांची भर पडते. एकाच जातीचे लक्षावधी जीव दाटीने ठेवल्यामुळे घरकिड्यांवरच्या एका विषाणूने २०१० च्या सुमारास अमेरिकेतील मोठमोठी संगोपन केंद्रे उद्ध्वस्त केली होती. परसातल्या डालीत जोखीम थोडी असते आणि अनेक घरांत विभागलेली असते. कारखान्यात ती एकवटते.

भांडवलाच्या हाती किडा

चारा परका झाल्याचे उदाहरण आपण पाहिले. विक्रीचा हक्कच परका कसा होतो, हे युरोपात दिसते. युरोपीय संघाने २०१५ साली केलेला ‘नव्या खाद्यपदार्थां’संबंधीचा कायदा २०१८ पासून अमलात आला आणि कीटक त्याच्या कक्षेत आले. सुरक्षिततेची तपासणी झाली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. कोळंबीची बाधा होणाऱ्या माणसाला रातकिड्याचीही बाधा होऊ शकते. कीटकनाशक फवारलेला पाला खाल्लेली अळी घातक ठरू शकते. ग्राहकाला हे समजले पाहिजे. प्रश्न आहे तो तपासणीच्या अर्थकारणाचा.

जानेवारी २०२३ मध्ये या संघाने घरकिड्याच्या अंशतः चरबी काढलेल्या भुकटीला परवानगी दिली. अर्ज क्रिकेट वन या व्हिएतनाममधील कंपनीचा होता. तिने सादर केलेली शास्त्रीय माहिती ही तिची मालमत्ता मानून पाच वर्षे तो पदार्थ युरोपच्या बाजारात आणण्याचा अधिकार त्या एकाच कंपनीला देण्यात आला. दुसऱ्या कोणाला तोच माल विकायचा असेल, तर त्याने आपले पुरावे नव्याने उभे करावेत अथवा त्या कंपनीची संमती मिळवावी. युरोपबाहेरच्या देशांतील पारंपरिक अन्नासाठी एक वेगळी वाट कायद्यात आहे. परंतु निदान पंचवीस वर्षांच्या अखंड वापराचा पुरावा त्यासाठी मांडावा लागतो. आता कल्पना करा, कोक्राझारच्या एखाद्या खेड्यातल्या बाईने तिची आजी लेटा खात होती याचा पुरावा ब्रसेल्सला कसा पाठवावा? ज्ञान समाजाचे, परंपरा समाजाची. आणि बाजाराचा परवाना मात्र ज्याच्यापाशी प्रयोगशाळेचा आणि वकिलाचा खर्च करण्याची ऐपत आहे त्याचा. बियाण्यांच्या बाबतीत जे घडले, त्याचीच ही पुनरावृत्ती आहे.

बरे, या भांडवलाने भुकेल्यांची भूक तरी भागवली का? फ्रान्समधील यिन्सेक्ट ही या क्षेत्रातली सर्वांत गाजलेली कंपनी. जगाला अन्न पुरवण्याच्या घोषणेवर तिने साठ कोटी युरोंहून अधिक भांडवल गोळा केले. मग प्रचंड यांत्रिक कारखाना उभा राहिला. आणि नफ्याचा शोध घेता घेता कंपनी श्रीमंत देशांतल्या पाळीव कुत्र्यामांजरांच्या खाद्याकडे वळली. २०२४ साली तिला न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले आणि पुढे ती दिवाळखोरीत निघाली. ज्या किड्याला आसामच्या पडवीत सूप आणि पाला पुरतो, त्याच्याच एका भाईबंदाला वाढवण्यासाठी कोट्यवधी युरो अपुरे पडले. भांडवलाची कार्यक्षमता स्वयंसिद्ध मानणाऱ्यांनी या घटनेचा जरूर विचार करावा.

गरिबांना किडे?

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे वळतो. आपल्यातले काही मित्र म्हणतील की हे सर्व ठीक. पण गरिबांना किडे खायला सांगणे हीच मुळात अप्रतिष्ठा नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल.

कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीनुसार देशातल्या पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आहे, आणि १५ ते ४९ या वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. या परिस्थितीचे कारण देशात प्रथिनांचा पुरवठा नाही हे नसून ती विकत घेण्याची शक्ती लोकांपाशी नाही, हे आहे. आपल्या राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून हा भार लोकवर्गणीवर टाकला. आठवड्याला एक अंडे ज्या शासनाला जड होते, त्याने उद्या कीटकांच्या भुकटीचे गोडवे गायिले, तर ती काटकसर मुलांच्या जिवावरची ठरेल. डाळ, दूध आणि अंडे हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे. त्याच्या जागी दुसरे काही ‘स्वस्त’ आणून ठेवण्याच्या योजनेला आपला विरोध असला पाहिजे. हा उत्तराचा पहिला भाग.

दुसरा भाग असा : जे समाज आपल्या आवडीने कीटक खातात, त्यांच्या ताटाला अप्रतिष्ठा चिकटवणारे आपण कोण? गडचिरोलीत आणि लगतच्या बस्तरात लाल मुंग्यांची चटणी आवडीने खाल्ली जाते. ओरिसातल्या मयूरभंजच्या अशाच चटणीला, सिमलिपालच्या काई चटणीला, जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हा सन्मान मिळाल्यावरच ती खाण्याजोगी झाली असे नाही. आश्रमशाळेतल्या मुलाला त्याच्या घरच्या अन्नावरून हिणवले जाते, तेव्हा त्याच्या हातून एक पोषक पदार्थ तर जातोच, शिवाय आपल्या आईच्या ज्ञानावरचा विश्वासही जातो. पुढच्या पिढीत तो पदार्थ बिस्किटाच्या पुड्याने बदलतो. हे स्थित्यंतर आपण प्रगती म्हणून मोजतो, ही खरी शोकांतिका आहे. अन्नाची सक्ती जितकी अन्याय्य, तितकीच अन्नाची लाज लादणेही अन्याय्य.

आपली भूमिका

यावरून काही निश्चित मागण्या निघतात. पहिली, मोजणीची. रेशीम विभागाने एरीच्या कोषाबरोबर लेटेचेही वजन, विक्री आणि घरगुती उपभोग नोंदवावा, आणि बाईच्या श्रमाचा हिशेब दोन्ही उत्पादने धरून व्हावा. दुसरी, बीजाची. निरोगी अंडीपुंज पुरवणे ही सार्वजनिक जबाबदारी आहे. ती खासगी पुरवठादारांकडे न सोपवता संगोपन करणाऱ्या स्त्रियांच्या सहकारी संस्थांना शासकीय बीजकेंद्रांच्या साहाय्याने पार पाडू द्यावी. तिसरी, चाऱ्याची. भूमिहीन कुटुंबाला परस नसतो, आणि परस नसला तर पाला नाही. गावठाण, गायरान, बांध आणि रस्त्याच्या कडा इथे एरंड आणि केसेरू लावण्याचा व तोडण्याचा हक्क अशा कुटुंबांना मिळाला पाहिजे. त्या पाल्याच्या आसपास कीटकनाशकांच्या फवारणीवर निर्बंध हवेत. चौथी, बाजाराची. लेटा नाशवंत आहे. ती सुकवण्याची आणि साठवण्याची सोय सहकारी पातळीवर झाली, तर दलालाने सांगितलेल्या भावाला संध्याकाळच्या आत विकण्याची निकड उरणार नाही. घरच्या गरजेपुरते राखून उरलेले विकण्याची सवड तेव्हाच मिळते. पाचवी, कायद्याची. आपल्या देशात कीटकजन्य अन्नासाठी जे नियम होतील, त्यांत पारंपरिक अन्नाच्या सुरक्षिततेचा अभ्यास सार्वजनिक संस्थांनी सार्वजनिक खर्चाने करावा आणि त्याचे फलित सर्वांना खुले असावे. समाजाच्या ज्ञानावर पाच वर्षांचीच काय, पाच दिवसांचीही मक्तेदारी आपण मान्य करता कामा नये.

महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्याने यातून काय घ्यावे? सोलापुरात किंवा साताऱ्यात जाऊन लोकांना अळ्या खाण्याचा उपदेश करावा, असे मी मुळीच सुचवत नाही. लोक काय खातील हे लोक ठरवतील. परंतु जालना-बीडकडे तुतीचे रेशीम वाढते आहे, विदर्भात ढिवर समाजाच्या हाती टसरची जुनी परंपरा आहे, आणि गावोगाव शेळ्या, कोंबड्या, दुधाळ जनावरे बायकांच्या श्रमावर पोसली जात आहेत. ‘पूरक व्यवसाय’ म्हणून यांतली एखादी योजना गावात येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण स्वतःला आणि गावाला लावावी. बीज कोणाचे? चारा कोणाचा? आणि तयार झालेल्या अन्नातला पहिला घास कोणाचा? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या नावाने येत असतील, तर तिसऱ्याचे उत्तर फार काळ घराच्या नावाने राहणार नाही. योजनेवर सही करण्यापूर्वी ग्रामसभेत हे तीन प्रश्न मांडले जावेत, आणि उत्तरे देण्यासाठी जनावरांना चारापाणी करणारी बाई त्या सभेत हजर असावी. एवढे काम आपल्या शाखांनी या वर्षी हाती घेतले, तरी पुष्कळ झाले.